बंद झालेल्या डिपार्टमेंटची काच

पेटी हलवली आणि आतून आवाज आला. काचेचं काम करणाऱ्याला तो आवाज ओळखायला पेटी उघडावी लागत नाही. किणकिण वेगळी, खुळखुळ वेगळी. ही खुळखुळ होती.

लोडिंग डॉकवर आम्ही तिघं उभे होतो. मी, इंग्लंडहून आलेल्या डॉ. एलिनॉर प्राइस आणि त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी ग्वेन. न्यू जर्सीतला २००५ सालचा फेब्रुवारी. बाहेर बर्फ इतकं शांतपणे पडत होतं की पार्किंग लॉट हळूहळू पुसला जातोय असं वाटावं. एकूण पाच पेट्या होत्या. आम्ही एकेक करून हलवून पाहिल्या. दोन गप्प होत्या. तीन बोलल्या.

"किती वाईट आहे?" डॉ. प्राइसनी विचारलं.

"उघडल्यावर सांगतो," मी म्हणालो. उगाच. मला कळलं होतं.

मी सायंटिफिक ग्लासब्लोअर. म्हणजे फुलदाण्या आणि हंस बनवणारा नव्हे. प्रयोगशाळेला लागणारी जी काचेची उपकरणं कॅटलॉगमध्ये मिळत नाहीत, ती बनवणारा. प्रोफेसर पेपर नॅपकिनवर चित्र काढून आणतात, मी ते ज्योतीवर काचेत उतरवतो. हे काम मी पुण्यातल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये शिकलो. पुढे अमेरिकेत आलो तेव्हा आई नातेवाइकांना 'मुकुंद सायंटिस्ट आहे' असं सांगायची. मी कधी दुरुस्त केलं नाही. आता वेस्ट विंडसरला राहतो आणि अर्ध्या तासावरच्या एका युनिव्हर्सिटीच्या केमिस्ट्री बिल्डिंगच्या तळघरात माझं ग्लास शॉप आहे.

पेट्यांत होती एक व्हॅक्यूम लाइन. भिंतीएवढी लांब काचेची नळी, तिला झाडासारख्या फांद्या, फांद्यांवर तोट्या, खाली लटकणारे काचेचे सापळे. आतली सगळी हवा पंपाने काढून टाकायची आणि मग त्या पोकळीतून वायू इकडून तिकडे न्यायचे. ग्वेन ज्या वायूंवर काम करत होती त्यांना हवा लागली की ते पेट घेतात. त्यामुळे लाइनशिवाय तिचं कामच नाही.

ही लाइन आमच्याकडे का आली, ते डॉ. प्राइसनी मला दुसऱ्या दिवशी माझ्या शॉपमधल्या स्टुलावर बसून सांगितलं. उंच, पांढऱ्या केसांची बाई. कोट काढलाच नाही.

"आमच्याकडे दर काही वर्षांनी सरकार सगळ्या डिपार्टमेंट्सच्या रिसर्चची परीक्षा घेतं," त्या म्हणाल्या. "पॅनेल बसतं, पेपर वाचतं, ग्रेड देतं. वरच्या ग्रेडला सगळं मिळतं. त्याच्या एक पायरी खाली आलात की जवळजवळ काही नाही."

"आणि तुम्ही एक पायरी खाली?"

"एक पायरी. केमिस्ट्री शिकवणं महाग. लॅब लागते, गॅस लागतो, तुमच्यासारखा माणूस लागतो. मुलंही कमी येत होती. आमचे व्हाइस चान्सलर म्हणाले, प्रत्येक युनिव्हर्सिटीनं प्रत्येक विषय शिकवलाच पाहिजे का? ज्यांचं चांगलं चाललंय त्यांनी शिकवावं."

"त्यांचं चुकलं?"

त्यांनी जरा विचार केला. मला ते आवडलं. "त्यांच्या खुर्चीत बसून नाही चुकलं. देशातल्या प्रत्येक व्हाइस चान्सलरनं आपल्या खुर्चीत बसून असाच बरोबर निर्णय घेतला, तर काही वर्षांनी आमच्या अख्ख्या भागात केमिस्ट्री शिकायला जागा राहणार नाही. ती मुलगी बघा." त्यांनी काचेच्या दारापलीकडे बोट दाखवलं. ग्वेन कॉरिडॉरमध्ये पेट्यांची यादी तपासत होती. "तिचे वडील बस चालवतात. ती घरी राहून, त्याच बसनं कॉलेजला येऊन शिकली. दुसऱ्या शहरात शिकायचं असतं तर ती शिकलीच नसती. तिच्यासारखी पुढची मुलगी काय करेल, हे कुठल्या ग्रेडमध्ये येतं?"

डिपार्टमेंट बंद करताना उरलेल्या विद्यार्थ्यांना मुदत दिली होती. ग्वेनची मुदत जुलैअखेर. तोवर थीसिस दिला तर पीएच.डी., नाहीतर खालची डिग्री घेऊन घरी. आमच्या डिपार्टमेंटनं डॉ. प्राइसना दोन वर्षांसाठी पाहुण्या प्रोफेसर म्हणून बोलावलं होतं. त्या आल्या, ग्वेन आली, लाइन आली. लाइन तेवढी फुटून आली.

मी तुकडे टेबलावर मांडले. तीन टेबलं भरली. शाबूत होते तोट्यांचे बरेचसे भाग आणि टोकाचा एक मोठा गोल फुगा. मधला कणा गेलेला.

"ड्रॉइंग द्या," मी म्हणालो. "ड्रॉइंगवरून नवीन बांधतो."

डॉ. प्राइस आणि ग्वेननी एकमेकींकडे पाहिलं.

"ड्रॉइंग नाही," ग्वेन म्हणाली. "केननं बांधली. वीस-बावीस वर्षं लागेल तसा एकेक तुकडा जोडत गेला. ती केनच्या डोक्यात आहे."

केन म्हणजे त्यांच्या डिपार्टमेंटचा ग्लासब्लोअर. डिपार्टमेंटबरोबर त्याचीही नोकरी गेली होती.

मी वर डायनाकडे गेलो. डायना आमची फॅसिलिटीज मॅनेजर, माझी बॉस. बाई सरळ. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"किती दिवस?"

"सहा आठवडे. कदाचित आठ."

"मुकुंद, मे महिन्यात शॉपचा रिव्ह्यू आहे. तुला माहितीये ना?"

माहीत होतं. वरचे लोक विचारत होते की काचेचं सामान आता बाहेरून मागवता येतं, मग तळघरात ज्योत कशाला पेटती ठेवायची? आमचं काम ते तिकिटांवर मोजत. कुणी काम आणलं की कॉम्प्युटरवर एक तिकीट उघडायचं, काम झालं की बंद करायचं. फुटलेल्या फ्लास्कचं तोंड नीट करून दिलं, दहा मिनिटांचं काम, एक तिकीट.

"आणि हे सगळं मिळून?" मी विचारलं.

"एक रिक्वेस्ट, एक तिकीट," डायना म्हणाली. "सिस्टिम तशीच आहे. मी तुला नाही म्हणत नाहीये. पण मेमध्ये माझ्या हातात फक्त कागद असेल."

त्या संध्याकाळी घरी जेवताना मी हे सांगितलं. बायको नीला एका औषध कंपनीत आयटीत आहे. तिचा स्वभाव आधी धोका मोजायचा.

"शॉप बंद झालं तर काय करणार आहेस?" तिनं विचारलं. "पंचावन्न वर्षांच्या ग्लासब्लोअरच्या ओपनिंग्ज रोज निघतात का?"

"नाही निघत."

"ईशाचं कॉलेज दोन वर्षांवर आलंय."

ईशा, आमची मुलगी, अकरावीत. ती ताटातली भेंडी बाजूला सारत म्हणाली, "बट बाबा, दॅट गर्ल! शी केम ऑल द वे हिअर. यू हॅव टू फिक्स इट."

"मी तरी कुठे करू नको म्हणतेय?" नीला म्हणाली. "समजून कर, एवढंच. मग मेमध्ये तोंड पाडून बसू नकोस."

मी समजून हो म्हणालो. निदान तसं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, म्हणजे तिकडे दुपारी दोनला, ग्वेननं केनला फोन लावून दिला. मी स्पीकरफोन बेंचवर ठेवला. केन त्याच्या घरामागच्या शेडमध्ये बसला होता. आवाज जाड आणि संथ. मागे पक्षी ओरडत होते.

"तुटली का," तो म्हणाला. "मी त्यांना म्हटलं होतं, मला पॅक करू द्या. पण माझा शेवटचा दिवस आधीच्या शुक्रवारी होता. सोमवारी मला बिल्डिंगमध्ये शिरायची परवानगी नव्हती."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"थांब," तो म्हणाला. "मी डोळे मिटलेत. मी दारातून आत आलोय. डाव्या हाताला पंप. आता हात वर कर. तिथे पहिली तोटी."

असं ते सुरू झालं. रोज सकाळी एक-दीड तास. तो डोळे मिटून बोलायचा आणि मी काच तापवायचो. इंग्रजीत सगळे 'यू'च, पण मनातल्या मनात मी त्याला दुसऱ्याच दिवशी अरे-तुरे करू लागलो.

त्या आठवड्यांबद्दल नीट सांगता येत नाही. आम्ही ज्योतीवर काम करताना एक खास चष्मा लावतो. तापलेल्या काचेतून पिवळा भगभगीत उजेड निघतो, तो या चष्म्यानं नाहीसा होतो. सगळं जग निळसर, जांभळट दिसू लागतं आणि ज्योतीच्या पोटात काच मधासारखी मऊ होऊन झुकताना दिसते. तोंडात रबराची बारीक नळी, हातात फिरणारी काच. नळीतून हलकी फुंकर घालायची, इतकी हलकी की आपल्यालाच ती जाणवू नये. आणि त्या निळसर उजेडात साडेतीन हजार मैलांवरून एक म्हातारा हळू आवाजात मला एका खोलीतून चालवत नेत होता. ती खोली आता अस्तित्वात नव्हती. तिच्यातली बाकं काढली होती, भिंती रंगवायला घेतल्या होत्या. तरी मी रोज सकाळी तिथे जात होतो. खिडकीतून दिसणारं मैदान मला माहीत झालं. कुठल्या फरशीचा कोपरा उचकटलाय तेही. घरी जाताना गाडी चालवताना कधी कधी मला क्षणभर कळेना, आपण कुठल्या देशात आहोत.

चौथ्या आठवड्यात घोटाळा झाला. केन मापं इंचात सांगत नसे. "खांद्यापासून कोपरापर्यंत," "वितीपेक्षा थोडं जास्त," असं सांगायचा. मी तसं बांधलं. सापळे लावायची वेळ आली. हे सापळे द्रवरूप नायट्रोजनच्या थर्मासमध्ये बुडवायचे असतात, म्हणजे नको असलेले वायू तिथेच गोठतात. एकही सापळा थर्मासपर्यंत पोचेना. सगळे वर लोंबकळत राहिले.

"केन, तुझ्या मापात काहीतरी चुकतंय," मी म्हणालो.

"माझ्या मापात?" तो दुखावला.

ग्वेन शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकदम हसायला लागली. ती आल्यापासून पहिल्यांदा.

"मिस्टर सोमण," ती म्हणाली, "केनला आमच्या दारातून वाकून यावं लागायचं."

मी पाच फूट चार इंच. त्याची वीत ती माझी वीत कशी असेल? मग ग्वेननं केनच्या बायकोला फोनवर घेतलं. तिनं शिवणकामाची टेप काढून त्याचा हात, वीत, खांदा सगळं मोजून सांगितलं. मागून केन कुरकुरत होता. मी चार आठवड्यांच्या कामातलं निम्मं कापून पुन्हा केलं.

दुसरा घोटाळा जास्त वाईट होता. शाबूत आलेला मोठा फुगा मी नव्या नळीला जोडला. जोड सुंदर झाला. भट्टीत ठेवून हळूहळू थंड केला. काच घाईनं थंड झाली तर तिच्यात ताण राहतो, म्हणून आम्ही तिला भट्टीत तासन् तास निवू देतो. सकाळी भट्टी उघडली. जोडाभोवती गोल तडा. पुन्हा केलं. पुन्हा तडा.

मग मी जुनी युक्ती केली. फुग्याच्या काचेची एक काडी आणि माझ्या काचेची एक काडी एकत्र वितळवली आणि ओढून केसाएवढा धागा काढला. दोन्ही काचा एका जातीच्या असतील तर धागा सरळ राहतो. हा धागा निवता निवता धनुष्यासारखा वाकला. जात वेगळी होती. एक काच जास्त आकसत होती, दुसरी कमी. अशी जोडी कितीही प्रेमानं जोडा, थंड झाली की तुटते.

"केन, तो फुगा कुठून आणलास?"



"तो माझा नाही," तो म्हणाला. "माझ्या गुरूचा. मी लागलो तेव्हा तो तिथे होताच. तेव्हा काच दुसरी यायची. मी मधे तीन काचा घातल्या होत्या. प्रत्येक काच शेजारणीपेक्षा थोडीशीच वेगळी. विसरलोच होतो बघ."

फुगा टाकून नवीन बनवणं सोपं होतं. मी तसं सुचवलंही. डॉ. प्राइस 'हो' म्हणाल्या. केननं विषय बदलून पुढच्या तोटीचं माप सांगायला घेतलं. मी दोन दिवस घेतले आणि मधल्या काचांचे तीन वेढे घालून तोच फुगा जोडला. का, ते डायनाला सांगता आलं नसतं. काम झाल्यावर मी तो दोन पोलरॉइड काचांच्या मधे धरला. ताण असला तर तिथे प्रकाशाचे पट्टे चमकतात. काही चमकलं नाही. नुसता काळोख. आमच्या धंद्यात काळोख म्हणजे पास.

एप्रिलच्या मध्यावर लाइन उभी राहिली. पंप सुरू केला. केन फोनवर होता. ग्वेननं गेज वाचायला सुरुवात केली. काटा खाली, खाली, आणखी खाली, मग थांबला. ती थांबली. आम्ही सगळे थांबलो. तोट्या बंद करून तासभर तसंच ठेवलं. काटा हलला नाही. लाइन कुठेही गळत नव्हती.

"धरलं," ग्वेन म्हणाली.

"आवाज ऐकू दे," केन म्हणाला. मी फोन पंपाजवळ नेला. तो बराच वेळ ऐकत राहिला. डॉ. प्राइस खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. बाहेर डॉगवुडला नुकती फुलं आली होती.

मेमध्ये रिव्ह्यू झाला. दोन महिन्यांची तिकिटं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी. डायनानं मीटिंगमध्ये माझी बाजू मांडली, डॉ. प्राइसनी पत्र दिलं. शॉप बंद झालं नाही. आठवड्याचे तीन दिवस झालं. उरलेल्या दोन दिवसांसाठी चार महिन्यांनी मला शेजारच्या एका कॉलेजनं घेतलं. नीलानं 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. ते न म्हणणं मला चांगलंच ऐकू आलं.

ग्वेननं जुलैमध्ये, मुदतीच्या चार दिवस आधी थीसिस दिला. तोंडी परीक्षेला ती इंग्लंडला गेली. परीक्षा एका उसन्या खोलीत झाली, कारण केमिस्ट्रीची बिल्डिंग तोवर दुसऱ्या कुणाची झाली होती. पास झाली. आता ती तिच्याच गावाजवळ शाळेत केमिस्ट्री शिकवते.

त्यांचा पेपर पुढच्या वर्षी छापून आला. ग्वेन, डॉ. प्राइस आणि तिसरं नाव केनचं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव पेपरवर आलं. जर्नलनं त्याचा पत्ता मागितला तर त्यानं 'घरामागची शेड' असं कळवलं. त्यांनी ते घेतलं नाही, जुन्या डिपार्टमेंटचं नाव छापलं. पेपर चांगला गाजला. सरकारी परीक्षेची पुढची फेरी आली तेव्हा, मुदत वाढून अजून आमच्याकडेच असलेल्या डॉ. प्राइसना मी विचारलं, हा पेपर कुणाच्या नावावर धरतील?

"कुणाच्याच नाही," त्या म्हणाल्या. "मी इथे, केन घरी, ग्वेन शाळेत आणि डिपार्टमेंट नाही."

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच. डिपार्टमेंट बंद करावं की करू नये, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि तिकडचे लोक अजून बोलताहेत. पण बंद करायचंच असेल तर आधी तिथल्या कामगाराला कागद-पेन्सिल देऊन महिनाभर बसवावं, आणि पॅकिंग होईपर्यंत त्याला बिल्डिंगमध्ये राहू द्यावं.

ते त्यांनी केलं नाही, म्हणून मी केलं. रिकाम्या झालेल्या दिवसांत अख्ख्या लाइनची ड्रॉइंग्ज काढली, मापं मिलिमीटरमध्ये. एक प्रत केनला पाठवली. महिन्याभरानं ती परत आली, लाल पेन्सिलीनं तीन चुका दाखवून. त्यातल्या दोन खरंच माझ्या चुका होत्या. तिसऱ्या जागी मी स्वतः पुन्हा जाऊन मोजलं. तिथे माझंच बरोबर आहे, पण तो अजून मानत नाही.